खर्च आणि उत्सर्जन यांचा मेळ घालताना अल्गोरिदमची तुलना कशी करावी

सांगली-सातारा भागात कोळशावरचे मोठे वीजकेंद्र नाही. आपल्याकडे कोयना आहे, वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारांवर आणि ढालगावच्या माळावर पवनचक्क्या आहेत, आणि गळीत हंगामात साखर कारखान्यांची सहवीजनिर्मिती चालते. कोळशाची केंद्रे तिकडे चंद्रपूर, कोराडी, परळीला. पण ग्रिड एकच असल्याने इथल्या वाऱ्याचा आणि पाण्याचा प्रत्येक मेगावॅट तिथल्या कोळशाच्या हिशेबाला लागतो. कोणत्या युनिटने किती वीज द्यावी म्हणजे खर्चही आटोक्यात राहील आणि चिमणीतून बाहेर पडणारे वायूही कमी होतील, हा तो हिशेब. सांगली, कराड, सातारा इथल्या इलेक्ट्रिकलच्या ज्या विद्यार्थ्यांनी हा विषय प्रकल्पासाठी घेतला आहे त्यांच्यासाठी, आणि कारखान्यांच्या को-जन विभागात हेच काम प्रत्यक्ष करू पाहणाऱ्यांसाठी, ही पद्धत लिहीत आहोत.

मुळातली अडचण अल्गोरिदम निवडण्याची नाही, मापाची आहे. उसाची एक गाडी एका काट्यावर आणि दुसरी दुसऱ्या काट्यावर तोलली, तर कोणाचा ऊस जास्त भरला हे सांगता येत नाही. अल्गोरिदमच्या तुलनेत नेमके हेच होते. पीएसओला (पार्टिकल स्वॉर्म, म्हणजे थव्यासारखे फिरणारे कण उत्तर शोधतात ती पद्धत) दहा हजार वेळा गणित करू दिले जाते, टीएलबीओला (शिक्षक-विद्यार्थी नमुन्यावर उत्तर शोधणारी पद्धत) वीस हजार वेळा, आणि मग टीएलबीओ सरस ठरतो. म्हणून आधी काटा तपासायचा आणि मगच तोलायला घ्यायचे.

प्रश्न मांडताना

प्रत्येक युनिटचा ताशी खर्च साधारणपणे असा लिहितात: खर्च = क + ख×प + ग×प². इथे प म्हणजे मेगावॅटमधली निर्मिती. उत्सर्जनाचे सूत्रही याच घडणीचे असते, फक्त गुणक वेगळे आणि उत्तर ताशी किलोमध्ये. बंधने दोन: सगळ्या युनिटांची बेरीज मागणी अधिक वहनातील गळती एवढी झाली पाहिजे, आणि प्रत्येक युनिट आपल्या किमान-कमाल मर्यादेत राहिले पाहिजे.

उत्सर्जन म्हणजे नेमके कशाचे, हे पहिल्याच दिवशी ठरवा. कार्बन डायऑक्साइड जळालेल्या कोळशाच्या प्रमाणात निघतो. सगळी युनिटे एकाच भावाचा, एकाच प्रतीचा कोळसा जाळत असतील, तर सर्वांत कमी खर्चाचा बिंदू आणि सर्वांत कमी कार्बन डायऑक्साइडचा बिंदू एकच येतो. दोन उद्दिष्टांत भांडणच नसते, आणि मेळ घालण्यासारखेही काही उरत नाही. खरी ओढाताण दिसते ती नायट्रोजन ऑक्साइड किंवा सल्फर डायऑक्साइड घेतल्यावर, कारण ते बर्नरची रचना, भट्टीचे तापमान आणि धूर धुण्याची यंत्रणा यांवर अवलंबून असतात. इंधने वेगवेगळी असली, उदाहरणार्थ कोळसा, गॅस आणि बगॅस (उसाचा चोथा), तर मात्र कार्बन डायऑक्साइड घेऊनही प्रश्न अर्थपूर्ण ठरतो.

गुणक काढताना होणाऱ्या चुका

खर्चाचे गुणक हीट रेटवरून, म्हणजे विजेच्या एका युनिटला (किलोवॅट-तासाला) लागणाऱ्या उष्णतेवरून, काढतात. समजा एका लोडला हीट रेट युनिटमागे २,४०० किलोकॅलरी आहे आणि कोळशाचे उष्मांक मूल्य किलोला ३,६०० किलोकॅलरी आहे. मग एका युनिटला ०.६६७ किलो कोळसा लागतो, आणि टनाला ३,६०० रुपये भाव धरला तर इंधनखर्च युनिटमागे २ रुपये ४० पैसे येतो. असे किमान पाच-सहा लोडवर करा आणि त्या बिंदूंमधून द्विघाती वक्र बसवा. हे बिंदू ५० टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत पसरलेले हवेत. सगळी मोजमापे ८५ ते ९५ टक्के लोडची असली, की ग हा गुणक ऋण येण्याचा धोका असतो. ग ऋण असेल तर वक्र उलटा वळतो आणि लॅम्डा पद्धत (सगळ्या युनिटांचा वाढीव खर्च सारखा करणारी, पुढे उदाहरणात येते ती) किमानाऐवजी कमाल बिंदू दाखवते. कोड बिनचूक चालतो, उत्तर मात्र साफ चुकीचे असते.

उत्सर्जनात ऑक्सिजनची दुरुस्ती घात करते. कोळसा केंद्रांची नॉक्सची (नायट्रोजन ऑक्साइडची) मर्यादा ६ टक्के ऑक्सिजनवर आणून तपासतात. चिमणीत ८ टक्के ऑक्सिजन असताना घनमीटरला २६० मिलिग्रॅम मोजले, तर दुरुस्त आकडा २६० × (२१−६) ÷ (२१−८), म्हणजे ३०० होतो. ताशी किलो काढताना मात्र जसे मोजले तसे सांद्रण आणि जसा मोजला तसा वायुप्रवाह यांचाच गुणाकार करायचा. ताशी १० लाख सामान्य घनमीटर प्रवाह असेल तर उत्तर २६० किलो. दुरुस्त सांद्रण आणि न दुरुस्त केलेला प्रवाह यांचा गुणाकार केला की ३०० किलो येतात, आणि १५ टक्क्यांची चूक प्रत्येक युनिटात वेगवेगळ्या प्रमाणात शिरते.

वहन गळतीसाठी बी-गुणक (निर्मितीवरून गळती काढणाऱ्या सूत्राचे गुणक) वापरत असाल तर ते १०० एमव्हीएच्या आधारावर दिले आहेत की थेट मेगावॅटसाठी, हे पाहा. आधार १०० चा असेल आणि तुम्ही मेगावॅट टाकत असाल, तर वर्गपदांची बेरीज १०० ने भागावी लागते, एकघाती पदे तशीच राहतात आणि स्थिरपद १०० ने गुणावे लागते. गळती मागणीच्या एक ते पाच टक्क्यांच्या आसपास यावी. पस्तीस टक्के आली, तर गडबड एककांची आहे.

काटा तपासण्याचे उदाहरण

पुढचे आकडे सरावासाठी धरलेले आहेत, कोणत्याही खऱ्या केंद्राचे नाहीत. ते अशा रीतीने निवडले आहेत की उत्तर वहीवर पडताळता येईल. मागणी ६०० मेगावॅट, गळती शून्य.

युनिट १ (मर्यादा १०० ते ४००): खर्च ४०,००० + २,०००प + १.०प² रुपये; नॉक्स ४० + ०.४प + ०.००६प² किलो.
युनिट २ (१०० ते ३००): खर्च ३०,००० + २,२००प + ०.८प², नॉक्स ३० + ०.६प + ०.००३प².
युनिट ३ (५० ते २५०): खर्च २५,००० + २,५००प + १.०प², नॉक्स २० + ०.३प + ०.००३प².

आधी फक्त खर्च. किमान खर्चाला तिन्ही युनिटांचा वाढीव खर्च (पुढच्या एका मेगावॅटचा खर्च) सारखा असतो. त्यालाच लॅम्डा म्हणतात. २,०००+२प, २,२००+१.६प आणि २,५००+२प हे तिन्ही लॅम्डाइतके धरून बेरीज ६०० केली, की १.६२५ × लॅम्डा − ३,६२५ = ६००, म्हणजे लॅम्डा २,६०० रुपये. वाटणी ३००, २५० आणि ५० मेगावॅट. खर्च ताशी १५,१२,५०० रुपये, नॉक्स १,११० किलो.

आता फक्त नॉक्स. तीच पद्धत लावली तर तिसरे युनिट २६३.३ मेगावॅटवर जाते, पण त्याची मर्यादा २५०. अशा वेळी ते २५० वर बांधायचे आणि उरलेले ३५० मेगावॅट पहिल्या दोघांत पुन्हा वाटायचे: १२७.८ आणि २२२.२. नॉक्स ७८३.१ किलो, खर्च १५,८२,७७८ रुपये. सगळी उत्तरे काढून झाल्यावर मर्यादेबाहेरचे आकडे नुसते छाटले, तर बेरीज ६०० ची राहत नाही. ही चूक नवख्यांच्या कोडमध्ये नेहमी दिसते.

ही दोन टोके झाली. मधला एक बिंदू घ्या: नॉक्सच्या प्रत्येक किलोला २०० रुपये किंमत धरून खर्चात मिळवली, तर वाटणी २११.८, २४७.१, १४१.२ येते. खर्च १५,२८,६०५ रुपये, नॉक्स ८७७.३ किलो. म्हणजे खर्च फक्त एक टक्का वाढला आणि नॉक्स २१ टक्के घटले. या विषयाचे सगळे मोल या एका तुलनेत आहे. शेवटच्या टोकाकडे जाताना मात्र पुढचे ९४ किलो वाचवायला आणखी ५४ हजार रुपये लागतात.

या प्रश्नाला पीएसओ, जीए (जनुकीय अल्गोरिदम) यांची काही गरज नाही. वक्र गुळगुळीत आहे, लॅम्डा पद्धत किंवा क्वाड्रॅटिक प्रोग्रॅमिंग क्षणात अचूक उत्तर देते. पण तुमचा प्रत्येक अल्गोरिदम आधी याच उदाहरणावर चालवून पाहायचा. १५,१२,५०० च्या वर थोडा राहिला तर समजण्यासारखे आहे. खाली गेला तर कोडमध्ये चूक आहे, कारण याखाली उत्तरच नाही. चूक किती, तेही कळते: लॅम्डा २,६०० असल्याने बरोबर २६ रुपये कमी आले, तर तुमची बेरीज ६०० ऐवजी ५९९.९९ मेगावॅट भरते आहे.

दंडाचा आकडा

ही तूट येते कुठून? बहुतेक वेळा दंडाच्या पदातून. बेरीज जुळली नाही तर खर्चात दंड मिळवायचा, ही सोपी युक्ती सगळे वापरतात, आणि दंडाचा गुणक अंदाजाने टाकतात. समजा दंड = १,००० × तूट² असा धरला. अल्गोरिदम बरोबर हिशेब करतो: एक मेगावॅट कमी दिला की २,६०० रुपये वाचतात आणि छोट्या तुटीचा दंड किरकोळ असतो. तो २,६०० ÷ (२ × १,०००), म्हणजे १.३ मेगावॅट तुटीवर जाऊन थांबतो. खर्च सुमारे ३,३८० रुपयांनी कमी दिसतो आणि अहवालात ‘आमची पद्धत सरस’ असे छापले जाते. गुणक १० लाख केला तर तूट ०.००१३ मेगावॅटवर येते, पण मग शोधाचा पृष्ठभाग इतका अरुंद घळीसारखा होतो की पीएसओचे कण त्या घळीत अडकून पुढे सरकत नाहीत. साधा एकघाती दंड ठेवला आणि तो मेगावॅटला २,६०० रुपयांपेक्षा कमी असला, तर वीज न देणेच स्वस्त पडते.

म्हणून बेरजेच्या बंधनाला दंड लावूच नका. एक युनिट मोकळे ठेवा. दुसरे आणि तिसरे युनिट अल्गोरिदमने निवडायचे, पहिले युनिट = ६०० वजा त्या दोघांची बेरीज. मोकळे युनिट सर्वांत मोठ्या पल्ल्याचे घ्यावे. इथे ते ५० ते ४५० मध्ये कुठेही पडू शकते, त्याची मर्यादा १०० ते ४००. बाहेर पडले तर जेवढे बाहेर तेवढे उरलेल्या दोघांकडून त्यांच्या मोकळ्या जागेच्या प्रमाणात दुरुस्त करून घ्या. गळती धरली असेल तर मोकळ्या युनिटासाठी वर्गसमीकरण सोडवावे लागते. दोन मुळांपैकी लहान धन मूळ घ्यायचे. तुलनेतल्या सगळ्या अल्गोरिदमना हीच एक दुरुस्ती लावा. एकाला दुरुस्ती आणि दुसऱ्याला दंड असे केले, तर तुम्ही अल्गोरिदमची नाही, दुरुस्तीची तुलना करत आहात.

प्रश्न अवघड कधी होतो

मोठ्या टर्बाइनमध्ये वाफेचे व्हॉल्व्ह एकामागून एक उघडतात. नवा व्हॉल्व्ह नुकताच उघडत असताना वाफ गुदमरते आणि खर्चाच्या वक्रावर लाट उठते. ती खर्चात ड × |साइन(इ × (किमान − प))| अशा पदाने दाखवतात. आपल्या युनिट १ ला ड = ३,००० आणि इ = ०.०५ द्या (कोन रेडियनमध्ये). लाटेचे तळ दर ६२.८ मेगावॅटला येतात: १०० नंतर १६२.८, २२५.७, २८८.५, ३५१.३. जुन्या ३०० मेगावॅटच्या उत्तरावर ही लाट १,६३२ रुपये चढवते. २८८.५ वर सरकले तर मूळ वक्रात सुमारे १९० रुपये जास्त जातात, पण लाटेचे सगळे वाचतात. आता प्रत्येक तळ हा एक खड्डा आहे, आणि उताराच्या दिशेने चालणारी पद्धत जिथे सुरू झाली तिथल्याच खड्ड्यात बसते. पीएसओ, डीई (डिफरेन्शियल इव्होल्यूशन), जीए यांचे काम इथून सुरू होते.

इथेही खरे उत्तर आधी माहीत करून घ्या. तीन युनिटांच्या प्रश्नात दोनच चल आहेत. दोन्ही ०.१ मेगावॅटच्या टप्प्याने चालवले तर २,००१ × २,००१, म्हणजे सुमारे ४० लाख जोड्या होतात. नमपायमध्ये (पायथनच्या गणिती लायब्ररीत) साध्या लॅपटॉपवरही हे काही सेकंदांचे काम आहे. हे उत्तर हातात असेल तर अल्गोरिदम किती वेळा बरोबर खड्ड्यात पोचला, हे ठामपणे सांगता येते. युनिटे सहा-दहा झाली की जाळी मारणे शक्य राहत नाही, पण तोवर कोडवर विश्वास बसलेला असतो.

सहा युनिटांसाठी आयईईई ३०-बसची (तीस जोडबिंदूंच्या नमुना ग्रिडची) चाचणी नेहमी वापरली जाते. तिथे निर्मिती १०० एमव्हीएच्या आधारावर आहे, मागणी २.८३४, आणि उत्सर्जनाच्या द्विघाती भागाला ०.०१ ने गुणायचे असते. घातांकी पदाला मात्र हा गुणाकार लागू नाही. गळती न धरता सर्वांत कमी खर्च ताशी सुमारे ६००.११ डॉलर आणि सर्वांत कमी उत्सर्जन ताशी सुमारे ०.१९४२ टन यायला हवे. यापासून लांब असाल तर अल्गोरिदम बदलण्याआधी ते ०.०१ कुठे लावले ते पाहा.

तुलना मांडताना

मोजायचे ते फेऱ्यांमध्ये नाही, खर्चाचे सूत्र किती वेळा काढले यात. टीएलबीओ प्रत्येक फेरीत एका उमेदवाराचे (म्हणजे एका संभाव्य उत्तराचे) दोनदा गणित करतो, एकदा शिक्षक टप्प्यात आणि एकदा विद्यार्थी टप्प्यात. ४० उमेदवार आणि २५० फेऱ्या दिल्या तर पीएसओचे गणित १० हजार वेळा होते, टीएलबीओचे २० हजार वेळा. म्हणून टीएलबीओला १२५ फेऱ्या. आलेखाच्या आडव्या अक्षावरही फेऱ्या न घेता गणितांची संख्या घ्या.

तयार लायब्ररी वापरताना हेच भान ठेवा. सायपायच्या डिफरेन्शियल इव्होल्यूशनमध्ये ‘पॉपसाइज’ म्हणजे उमेदवारांची संख्या नव्हे. ती चलांच्या संख्येने गुणली जाते. मूळ किंमत १५ तशीच ठेवली तर दोन चलांना ३० उमेदवार, चाळीस चलांना ६००. शिवाय तिथे ‘पॉलिश’ हा पर्याय मुळात चालू असतो: डीईचे काम झाल्यावर उताराची पद्धत लावून उत्तर घासून चकचकीत केले जाते. हातात दिसणारी सुबक दशांशस्थाने डीईची नसतात. एक तर पॉलिश बंद करा, नाहीतर पीएसओ आणि जीएच्या उत्तरांनाही तीच घासणी द्या. दुसरा मार्ग आम्हांला जास्त पटतो, कारण प्रत्यक्ष कामात घासणी कोणीही सोडत नाही.

सुरुवातीच्या किमती म्हणून हे धरून चालता येते: पीएसओला जडत्व ०.७२९ आणि दोन्ही ओढींचे गुणक १.४९४, डीईला एफ (फरकाचा गुणक) ०.५ ते ०.८ आणि सीआर (संकराची शक्यता) ०.९; जीएला संकर ०.९ आणि उत्परिवर्तन १ भागिले चलांची संख्या. एकाला हात लावून घडवले तर सगळ्यांना तेवढाच वेळ द्या. स्वतःचा अल्गोरिदम आठवडाभर घडवायचा आणि बाकीचे मूळ किमतींवर सोडायचे, हा या विषयातला सर्वांत रुळलेला अन्याय आहे.

प्रत्येक अल्गोरिदम ३० वेळा चालवा, प्रत्येक वेळी वेगळा सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा अंक), आणि ते सीड लिहून ठेवा. नोंद करायची ती मध्यक, सर्वांत वाईट उत्तर, प्रमाण विचलन, ३० पैकी किती वेळा सगळी बंधने पाळली गेली, आणि किती वेळा खऱ्या उत्तराच्या ०.०१ टक्क्यात पोचला याची. सर्वोत्तम उत्तर एकटे दाखवू नका. ३० चिठ्ठ्यांतली एक चांगली निघणारच. दोन अल्गोरिदमच्या मध्यकात फरक दिसला तर विलकॉक्सन रँक-सम चाचणी (फरक नुसत्या योगायोगाचा नाही ना, हे पाहणारी) लावा. एकावेळी पाच-सहा जोड्या तपासत असाल तर होल्मची दुरुस्तीही लावा, नाहीतर योगायोगाने एखादी जोडी ‘लक्षणीय’ ठरतेच. सेकंदांचा तक्ता द्यायचा तर द्या, पण एकाचा कोड नमपायने एकगठ्ठा आणि दुसऱ्याचा साध्या लूपने लिहिलेला असेल तर त्या सेकंदांना अर्थ नाही.

आणखी एक स्पर्धक प्रत्येक तुलनेत हवाच: एसएलएसक्यूपीसारखी साधी उताराची पद्धत, १०० वेगवेगळ्या यादृच्छिक जागांवरून सुरू केलेली, आणि तिचीही सगळी गणिते मोजलेली. लाटा मोजक्याच असतील तर ही जुनी पद्धत नव्यांना सहज गाठते, आणि हे लपवण्यासारखे नाही.

नव्या अल्गोरिदमविषयी एक तपासणी. ग्रे वूल्फ ऑप्टिमायझर आणि त्याच्या धर्तीवरच्या काही पद्धतींना शून्याकडे झुकण्याची खोड आहे. ज्या चाचणी-फलनांचा किमान बिंदूच शून्यावर असतो तिथे त्या चमकतात. वीजनिर्मितीत उत्तर शून्यावर नसते. चलांना एक ठरावीक आकडा मिळवून, म्हणजे सगळा प्रश्न बाजूला सरकवून, तोच अल्गोरिदम पुन्हा चालवा. उत्तर बिघडले तर आधीचे यश त्या खोडीचे होते. वोल्पर्ट आणि मॅक्रेडी यांनी १९९७ मध्ये दाखवले की सर्व प्रश्नांवर सरस असा एकच अल्गोरिदम असू शकत नाही; म्हणून ‘सर्वोत्तम’ हा शब्द टाळून ‘लाटा असलेल्या, इतक्या युनिटांच्या प्रश्नावर, इतक्या गणितांत’ असे लिहा. आमचा कल विचाराल तर लाटा असलेल्या प्रश्नात डीई सर्वांत भरवशाचा वाटतो. पीएसओ पहिल्या हजार गणितांत पुढे पळतो आणि मग एका खड्ड्यात रेंगाळतो.

दोन उद्दिष्टे एकत्र

खर्च आणि नॉक्स यांची बेरीज करायला नॉक्सला रुपयांत आणावे लागते. त्यासाठी रूढ असलेला किंमत-दंड गुणक म्हणजे कमाल लोडवरचा खर्च भागिले कमाल लोडवरचे उत्सर्जन. आपल्या तीन युनिटांना तो ८६२, १,५८७.५ आणि २,५२२ येतो. चढत्या क्रमाने लावून कमाल क्षमता मिळवत जायचे. ४०० नंतर ७०० झाले, मागणी ६०० ओलांडली, म्हणून १,५८७.५ घ्यायचा. हा गुणक लावून सोडवले तर वाटणी १४३.३, २२४.६, २३२.१ येते, खर्च १५,७०,७३४ आणि नॉक्स ७८७.९. नीट पाहा: हा बिंदू मध्यावर नाही, जवळजवळ उत्सर्जनाच्या टोकाला आहे. या गुणकाला ‘दोघांना समान न्याय’ समजून एकच उत्तर छापले जाते, पण तो समतोल नाही. एका उत्तराऐवजी सगळी सीमारेषा काढा, म्हणजे एक उद्दिष्ट कमी करायला दुसरे वाढवावेच लागते अशा सगळ्या बिंदूंची रेषा.

सीमारेषा काढायचा साधा मार्ग म्हणजे नॉक्सवर मर्यादा घालून खर्च कमी करणे. ८००, ८५०, ९०० असे १,१०० पर्यंत टप्पे घ्या आणि प्रत्येक टप्प्याला एकदा सोडवा. वजनांची बेरीज करण्यापेक्षा हे बरे, कारण सीमारेषा कुठे आतल्या बाजूला वळली असेल तर वजने कितीही बदलली तरी तो भाग हाती येत नाही. सगळी रेषा एका दमात हवी असेल तर एनएसजीए-२ (एकाहून जास्त उद्दिष्टांसाठीचा जनुकीय अल्गोरिदम) घ्या. देब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००२ मध्ये मांडला, आणि दोन उद्दिष्टांना तो अजूनही पुरेसा आहे. इथेही गुळगुळीत उदाहरणात मर्यादा-पद्धतीची रेषा हाच काटा. एनएसजीए-२ चे बिंदू तिच्या खाली जाता कामा नयेत.

दोन रेषांची तुलना हायपरव्हॉल्यूमने (रेषा आणि एक ठरलेला संदर्भबिंदू यांमधल्या क्षेत्रफळाने) करा, पण आधी दोन्ही अक्ष शून्य ते एकमध्ये आणा, नाहीतर १५ लाखांच्या आकड्यापुढे ८०० किलोंचे वजनच पडत नाही. संदर्भबिंदू सगळ्यांना एकच हवा, दोन्ही टोकांच्या थोडा पलीकडे, उदाहरणार्थ १.१ आणि १.१.

शेवटी एक बिंदू निवडायचा असतो. त्यासाठी प्रत्येक उद्दिष्टाचे समाधान शून्य ते एकमध्ये मोजतात. मघाच्या २०० रुपयांच्या बिंदूला खर्चाचे समाधान (१५,८२,७७८ − १५,२८,६०५) ÷ ७०,२७८ = ०.७७, नॉक्सचे (१,११० − ८७७.३) ÷ ३२६.९ = ०.७१. दोन्ही चांगले आणि जवळजवळ सारखे. निवड करताना अजून एक आकडा सोबत ठेवा: त्या बिंदूवर पुढचा एक किलो किती रुपयांना पडतो. निर्णय घेणाऱ्याला ०.७१ पेक्षा तो जास्त कळतो.

कोयना, वारा आणि बगॅस

इथपर्यंत एका तासाचा प्रश्न झाला. आपल्या भागातली साधने त्यात घालायची तर मांडणी बदलते. पवनचक्क्यांना इंधनखर्च नाही, म्हणून त्यांचा अंदाज मागणीतून सरळ वजा करा आणि उरलेली मागणी औष्णिक युनिटांत वाटा. पावसाळ्यात पठारांवरचा वारा जोरात असतो, तो इतर महिन्यांत पडतो, म्हणून एका सरासरीवर न थांबता कमी, मध्यम, जास्त अशा तीन अंदाजांवर सोडवा. जास्त वाऱ्याच्या वेळी औष्णिक युनिटे किमान मर्यादेला टेकतात आणि मोकळ्या युनिटाची दुरुस्ती फसते. ही चाचणी मुद्दाम करा.

कोयनेची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट. पाणी फुकट दिसते, पण ते मोजके आहे: कृष्णा पाणीवाटप लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. म्हणून कोयनेचा खर्च शून्य टाकून एका तासाचा प्रश्न सोडवला, तर अल्गोरिदम पहिल्याच तासाला तिला पूर्ण लोडवर पळवतो. दिवसाला किती पाणी, हे बंधन घालून २४ तास एकत्र सोडवावे लागतात. त्या बंधनाचा लॅम्डा म्हणजेच पाण्याची किंमत. संध्याकाळच्या चढत्या मागणीत कोयना का वापरतात ते त्यातून आकड्यात दिसते. धरणाच्या पायथ्याशी २० मेगावॅटची दोन युनिटे आहेत. त्यांचे पाणी पूर्वेकडे सोडले जाते आणि ते कधी सोडायचे हे सिंचन ठरवते, म्हणून त्यांना चल धरू नका, मागणीतून वजा करा.

को-जन प्रकल्पात अडचण वाफेची असते. एक्स्ट्रॅक्शन-कंडेन्सिंग टर्बाइनमधून कारखान्याला वाफ द्यावीच लागते, त्यामुळे किती मेगावॅट निघतील हे किती वाफ काढली यावर ठरते. किमान-कमाल अशी साधी जोडी पुरत नाही. टर्बाइनसोबत आलेल्या आलेखावरून मेगावॅट आणि वाफ यांचा बहुकोन घ्या, त्याच्या प्रत्येक बाजूचे एक असमीकरण लिहा, आणि लॉगशीटमधले आठवडाभराचे तासातासाचे बिंदू त्या बहुकोनात पडतात का ते पाहा. बाहेर पडले तर फ्लोमीटर किंवा एकके तपासा. बगॅसची किंमत शून्य धरू नका. स्वतःच्या गव्हाणीतला असला तरी तो विकला असता तर जो भाव मिळाला असता, तो लावायचा. नाहीतर कोळशाशी तुलना पहिल्याच ओळीत बगॅसच्या बाजूने कलते. ओल सुमारे ५० टक्के असताना बगॅसचे उष्मांक मूल्य किलोला साधारण २,२७० किलोकॅलरी असते, आणि पावसात भिजलेल्या ढिगाचे बरेच कमी. हंगामाच्या सुरुवातीचे आणि शेवटचे गुणक म्हणून वेगळे काढावेत. हंगाम संपल्यावर त्याच बॉयलरमध्ये कोळसा जाळत असतील तर खर्च आणि उत्सर्जन या दोन्हींचे तिसरे गुणक लागतात, आणि तुलनेची ३० रनची सगळी मालिका त्या गुणकांवर पुन्हा चालवावी लागते.